चौदा महिन्यांची लेक आणि तंबूतली पहिली रात्र

ताई, नमस्कार. मी पुण्यात सिंहगड रोडला राहते. लग्नाआधी आणि नंतरही भरपूर ट्रेक केले. राजमाची, रतनगड, हरिश्चंद्रगड, सगळीकडे तंबूत राहिलेय. दिवस राहिले तेव्हा सॅक माळ्यावर गेली ती अजून तिथेच आहे. लेक आता चौदा महिन्यांची आहे, नुकतीच चालायला लागलीय, रात्री दोनदा अंगावर पिते. नवऱ्याच्या कॉलेजच्या मित्रांनी ३१ डिसेंबरला पवना धरणाच्या काठी कॅम्पिंग ठरवलंय. चार जोडपी, मूल फक्त आमचं. नवरा म्हणतो, 'काही होत नाही, झोपेल ती.' सासूबाई म्हणतात, 'अंगावरचं पोर घेऊन थंडीत उघड्यावर झोपायचं? मी सांभाळते तिला, तुम्ही जा.' तिला सोडून जायला मन घेत नाही. आणि खरं सांगू, मला जायचंय. तिला कुशीत घेऊन तंबूत झोपायचंय. यात माझं काही चुकतंय का? नेऊ की नको? नेलं तर काय काय बघू?

— माळ्यावरची सॅक

प्रिय मैत्रिणी,

'नेऊ की नको' याचं उत्तर आधी देते, बाकीचं मग. ने. चौदा महिन्यांचं निरोगी मूल एक रात्र तंबूत राहू शकतं. पण ३१ डिसेंबरला पवनेच्या काठी नेऊ नकोस. तो बेत मित्रमंडळींचा आहे. रात्रभर जागायचं, गाणी, गप्पा, खाणंपिणं. त्यांचं काही चुकत नाही. पण त्या बेतात तुझी लेक सामानासारखी जाईल, आणि रात्रभर तू एकटी तंबूत तिच्यापाशी बसशील.

पवना मला फार आवडतं. तुंग, तिकोना, लोहगड भोवती उभे, संध्याकाळी पाणी शांत झालं की डोंगराची सावली काठापर्यंत येते. पण वर्षाच्या शेवटच्या दिवशी तिथे काय असतं ते तूही जाणतेस. कामशेतपासून गाड्यांची रांग, एकेका शेतात दाटीवाटीने लावलेले तंबू, आणि शेजारच्या दोन कॅम्पवर दोन वेगवेगळी गाणी. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० सालापासून आहे. मात्र ३१ डिसेंबरला बहुतेक वर्षी मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते. तुझी लेक साधारण आठ-साडेआठला झोपत असेल. मधले चार तास तिने काय करायचं?

आता जरा अवघड विषय. तुझ्या पत्रात दारूचा उल्लेख नाही, पण ३१ची पार्टी म्हणजे ती असणार असं धरून चालते. बाळ बरोबर असेल त्या रात्री तुम्हा दोघांपैकी कुणीच घ्यायची नाही. एक पेगसुद्धा नाही. एक तर रात्री बाळ तुमच्या मध्ये झोपणार, आणि प्यायलेल्या माणसाची झोप जड असते, अंगाखाली हात येतोय की पाय हे त्याला कळत नाही. दुसरं म्हणजे रात्री दोन वाजता गाडी चालवायची वेळ आली तर चालवणार कोण? हा दुसरा मुद्दा मी अनुभवाने शिकले, म्हणून सविस्तर सांगते.

माझी थोरली सोळा महिन्यांची होती. जानेवारीत आम्ही भंडारदऱ्याला गेलो होतो, दीर आणि जाऊही बरोबर होती. छान जेवण झालं, लेक वेळेवर झोपली. रात्री एकच्या सुमारास ती खोकत उठली. खोकला कसला, कुत्र्याचं पिल्लू भुंकावं तसा आवाज, आणि श्वास आत घेताना घशातून कर्कश शीळ. मी तिला उचललं तर छाती वरखाली होत होती. दिराने गाडीची किल्ली घेतली, धावत गेला आणि तसाच परत आला. आमच्या गाडीमागे तीन गाड्या आडव्या लावल्या होत्या. कुणाच्या ते कॅम्पवाल्या माणसाला माहीत नव्हतं. एकेक तंबू उठवत फिरलो. दोघे जागेच होईनात, एकाला किल्ली सापडेना. गाडी बाहेर निघायला पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात मी तिला पदरात गुंडाळून उभी होते, आणि तिचा प्रत्येक श्वास मोजत होते. खालच्या गावात डॉक्टरांना उठवलं. त्यांनी तपासलं, म्हणाले क्रूप आहे, या वयात होतो, बहुतेकदा रात्रीच उठतो. औषध दिलं. पहाटे चारला ती माझ्या खांद्यावर गाढ झोपली.

हा खोकला तिला घरीही झाला असता, तंबूने केलेला नव्हता. चूक आमची होती ती गाडीची. म्हणून तुला बाकी सगळ्याआधी एवढंच सांगते, की रात्री कुठल्याही क्षणी उठून निघता आलं पाहिजे. गाडी तोंड बाहेर करून, रस्त्याला लागून, मागेपुढे कुणी अडवणार नाही अशी लावायची. किल्ली ठरलेल्या जागी. पेट्रोल पुरेसं. एक माणूस पूर्ण शुद्धीत. जवळचं चोवीस तास चालणारं रुग्णालय कुठलं ते आधी फोन करून विचारून ठेवायचं. पवनेला गेलीस तर कामशेत, लोणावळा, तळेगाव या बाजूला शोध. १०८ची रुग्णवाहिका आहे, पण धरणाच्या मागच्या अंगाला मोबाइलची रेंज लागतेच असं नाही, तेव्हा गेल्यागेल्या बघून ठेव की फोन कुठे उभं राहून लागतो.

निघायचं म्हणजे रुग्णालयातच असंही नाही. लेक दोन तास रडतेय, शांत होत नाहीये, तुम्ही दोघं थकलात, तर सरळ सामान भरा आणि घरी या. 'एवढे पैसे भरलेत' असं कुणी म्हणायचं नाही. हे नवऱ्याशी घरून निघण्याआधी बोलून घे, कारण रात्री दोनला थंडीत असल्या गोष्टी नीट बोलल्या जात नाहीत.

पहिली रात्र तर मी म्हणेन, गच्चीवर काढा. सोसायटीच्या गच्चीवर तंबू लावा, नाहीतर माहेरी अंगण असेल तर तिथे. गंमत म्हणून सांगत नाहीये. मुलांना तंबूचं कापड, चेनचा आवाज, वाऱ्याने होणारी फडफड हे सगळं नवीन असतं. काही मुलं हसतात, काही बिथरतात. तुझी लेक कुठल्या प्रकारची आहे हे कळायला पवनेपर्यंत कशाला जायचं? शिवाय काय राहिलं ते तिथे कळतं. आमच्या गच्चीवर मला कळलं की माझी बॅटरी इतकी प्रखर होती की डायपर बदलायला लावली की लेक टक्क जागी व्हायची. मग मी बॅटरीवर पातळ पिवळा रुमाल बांधला. तेवढ्याने पुढच्या सगळ्या रात्री सुकर झाल्या.

गच्ची जमली की फेब्रुवारीतला एखादा साधा आठवडा बघ, शनिवार-रविवार सोडून. डिसेंबर-जानेवारीत मावळात रात्री पारा दहा-बारा अंशांवर येतो आणि पाण्याकाठी वारा जास्त बोचतो. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात थंडी मवाळ होते, दिवसाचं ऊनही अजून तापलेलं नसतं. जागा अशी निवड की तंबूपासून चालत दोन मिनिटांवर पक्की खोली आणि स्वच्छ संडास असेल. कृषी पर्यटन केंद्रं यासाठी चांगली. यजमानांचं घर तिथेच असतं, रात्री गरम पाणी मागता येतं. भंडारदऱ्याला एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, निवासस्थान जलाशयालगत आहे. खोली तिथे घ्या आणि दिवसभर काठावर राहा, तेही चालेल. काजव्यांचा हंगाम मात्र लेक चार-पाच वर्षांची होईपर्यंत सोड. मे-जूनच्या त्या दिवसांत तिथे रात्री प्रचंड गर्दी होते आणि पाऊस कधी कोसळेल नेम नसतो.

थंडीबद्दल सासूबाईंचं म्हणणं खरं आहे. लहान मुलाचं अंग मोठ्या माणसापेक्षा लवकर गार पडतं. पण आपण चूक करतो ती उलट दिशेने. स्वेटरवर स्वेटर, वर शाल, वर रजई, आणि मूल घामाने निथळतं. आपल्या अंगावर जेवढे थर, त्याच्यापेक्षा एक जास्त, एवढं पुरे. आत सुती झबलं, त्यावर पूर्ण बाह्यांचं, त्यावर लोकरीचं. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नकोस, मानेमागे हात घालून बघ. मान ऊबदार आणि कोरडी असेल तर ठीक, घामेजली असेल तर एक थर काढ. कुंची जागेपणी घाल, झोपताना काढ, तिचा बंद गळ्याशी येतो. खरी थंडी खालून येते. सुती गोधडी कितीही जाड असली तरी जमिनीचा गारवा वर येतोच, म्हणून खाली आधी फोमची मॅट, तिच्यावर चटई आणि मग गोधडी.

अजून एक गोष्ट, तंबूत झोपलेली असलीस तरी कदाचित तुझ्या लक्षात नसेल, कारण तेव्हा बाळ नव्हतं. बंद तंबूत आपला श्वास साठतो आणि पहाटे कापडावर आतून पाणी धरतं. भिंतीला टेकलेलं पांघरूण हळूहळू ओलं होतं. पहाटे तीनला मूल रडतं, आपल्याला वाटतं भूक, आणि पाठीला हात लावावा तर कपडे दमट. म्हणून लेकीला मधोमध झोपव, वरची जाळीची खिडकी थोडी उघडी ठेव, आणि कपड्यांचे दोन पूर्ण जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उशाशी ठेव. तिला तुझ्या स्लीपिंग बॅगमध्ये घेऊ नकोस. कुशीत घेऊन दूध पाज, मग तिचं पांघरूण वेगळं. (हे वाचणाऱ्या ज्या आयांचं बाळ वर्षाच्या आतलं आहे, त्यांनी आणखी जपायचं. बाळ पाठीवर, त्याच्या स्वतःच्या घट्ट सपाट अंथरुणावर, भोवती उशी नाही, सैल पांघरूण नाही, हवा भरलेली गादी तर नाहीच. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मी तंबूत नेणार नाही.)

तंबूत ऊब यावी म्हणून शेगडी, निखारे, बार्बेक्यूचा डबा, काहीही आत आणायचं नाही. तंबूच्या तोंडाशीसुद्धा नाही. जळत्या कोळशातून जो कार्बन मोनॉक्साइड निघतो त्याला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. कुणी कितीही म्हणो, 'पाचच मिनिटं ठेवू', तू हो म्हणू नकोस.

शेकोटीची भीती लोकांना रात्री वाटते. रात्री सगळे लक्ष ठेवून असतात, मुलाला कुणीतरी धरून बसलेलं असतं. भाजण्याची खरी वेळ दुसऱ्या दिवशी सकाळची. राख पांढरी, थंड दिसते, आत निखारा तसाच असतो. मोठी माणसं चहा पीत बसलेली, आणि नवीन चालायला लागलेलं मूल अनवाणी तिकडे जातं. रात्री झोपण्याआधी शेकोटीवर बादलीभर पाणी ओतायला लाव, राख ढवळून पुन्हा ओतायला लाव, आणि स्वतः बघ. बार्बेक्यूचं तेच.

पाण्याबद्दल माझा नियम कडक आहे. धरणाचा काठ चिखलाचा, निसरडा असतो आणि दोन पावलांवर अचानक खोल होतो. पोहता येणारे तरणेताठे लोक दरवर्षी तिथे बुडतात. कॅम्पवाले देखाव्यासाठी तंबू अगदी पाण्याशी लावतात. तू शेवटच्या, मागच्या रांगेतला माग. आणि तुमच्या दोघांत सरळ वाटणी करा. 'आता तासभर लेक तुझ्याकडे, पुढचा तास माझ्याकडे,' असं एकमेकांना सांगून. 'सगळे आहेतच की' अशा वेळी मूल कुणाच्याच नजरेत नसतं. भरलेल्या बादल्याही झाकायला लाव, एवढ्या वयाच्या मुलाला बुडायला बादलीतलं पाणीही पुरतं.

आता साप-किडे, सासूबाईंच्या मनात तेही असणारच. तंबूची चेन दिवसाही बंद, आत जातायेता लगेच ओढायची. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, पुष्कळदा दुखतही नाही, पण चेन पूर्ण बंद असलेल्या शाबूत तंबूत तो शिरत नाही. खाण्याचे कण आत सांडू नयेत, त्याने उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. विंचू मला जास्त जपण्यासारखा वाटतो, कारण तो शेकोटीसाठी आणलेल्या लाकडांत, दगडांखाली बसतो आणि मुलांना नेमकी लाकडं-दगड उचलायला आवडतात. लाकडाच्या ढिगापाशी तिला जाऊ देऊ नकोस, बूट झटकून घाल. कोकणात पूर्वी विंचवाने मुलं दगावायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रुळवला तेव्हापासून चित्र बदललं, २०२२ साली त्यांना पद्मश्रीही मिळाली. म्हणजे उपचार आहे. फक्त तिथवर लवकर पोहोचायला हवं, आणि त्यासाठी पुन्हा ती मोकळी गाडी. डासांसाठी औषध चोळण्यापेक्षा जाळी आणि पूर्ण कपडे बरे. निलगिरीच्या नावाची काही मलमं तीन वर्षांखालच्या मुलांना लावायची नसतात, पाकिटावर वय वाचून घे.

खाण्याचं फार अवघड करू नकोस. ती घरी जे खाते तेच. मऊ मुगाची खिचडी, मेतकूट-तूप-भात, नाचणीचं सत्त्व, केळी, उकडलेला बटाटा. गरम पाण्याचा थर्मास जवळ असला की अर्धी काळजी मिटते. पिण्याचं पाणी घरून ने, कमी पडलं तर खळखळ उकळून मग. शेंगदाणे, मक्याचे दाणे, पॉपकॉर्न तिच्या हाती लागू देऊ नकोस, घशात अडकतात. कॅम्पवर कणीस भाजतात तेव्हा कौतुकाने दाणे भरवणारे काका-मामा असतात, त्यांना आधीच सांग. ओआरएसची पुडी ठेव, पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवायची, बहुतेक एक लिटर, आणि चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्यायचं. तापाच्या औषधाचा डोस तुमच्या डॉक्टरांकडून तिच्या वजनाप्रमाणे कागदावर लिहून घे. लस नुकतीच टोचली असेल तर दोनतीन दिवस थांब.

आणि हे ठासून सांगते. झोपावी म्हणून जायफळ उगाळून द्यायचं नाही. थंडी म्हणून ब्रँडीचे थेंब द्यायचे नाहीत. प्रवासात गप्प राहावी म्हणून सर्दीचं औषध द्यायचं नाही. हे सगळं आपल्याकडे प्रेमाने सुचवलं जातं आणि हे सगळं घातक आहे. जाताना ती कार सीटमध्येच बसेल, मांडीवर नाही. गाडीतलं मूल बांधलेलं असावं हे २०१९च्या दुरुस्तीपासून कायद्यातच आहे. रडली तर गाडी थांबवून उतरायचं, पाजायचं, पुन्हा बसवायचं. वापरलेले डायपर पिशवीत बांधून घरी परत आणायचे, ते शेकोटीत जाळू नका आणि मातीत पुरू नका.

सासूबाईंशी भांडू नकोस. 'अंगावरचं पोर' म्हणताना त्यांच्या मनात तीन भीती आहेत, थंडी, किडे आणि वेळेला डॉक्टर न मिळणं. तिन्ही खऱ्या आहेत. त्यांना 'तुमच्या काळी' असं काही बोलू नकोस. बेत त्यांच्यापुढे मांड. काय घालणार, कुठे झोपणार, किती वाजता निघून कुठल्या रुग्णालयात जाणार. त्यांनाच विचार, अजून काय राहिलं? त्यांनी मुलं वाढवलीत, एखादी गोष्ट तुझ्या-माझ्या दोघींच्या नजरेतून सुटलेली त्या सांगतील. आणि ३१चं म्हणशील, तर नवऱ्याने मित्रांना नाही म्हणायची गरज नाही. १ जानेवारीला सकाळी तुम्ही तिघं तिथे पोह्यांना जा, उन्हात दोन तास बसा, दुपारी परत या. लेकीला पाणी दिसेल, मित्रांना लेक दिसेल.

'मला जायचंय' हे तू पत्रात इतकं चोरून लिहिलंयस की वाचताना मला वाईट वाटलं. त्यात चोरण्यासारखं काय आहे? तू डोंगरात रमणारी मुलगी होतीस आणि आहेस. आई झालीस म्हणून ते पुसून टाकायचं कुणी सांगितलं? लेकीला यातलं काही आठवणार नाही, हे खरं. पण पहाटे दव पडलेल्या गवतावर तिचं पाऊल पहिल्यांदा टेकेल, ती दचकून पाय वर घेईल, तुझ्याकडे बघेल आणि मग मुद्दाम पुन्हा टेकवेल. ते तू बघशील. माझ्या थोरलीने तसंच केलं होतं, आणि भंडारदऱ्याच्या त्या रात्रीनंतर आम्ही महिन्याभरात पुन्हा गेलो होतो.

फक्त हा सगळा भार एकटीवर घेऊ नकोस. नवरा 'काही होत नाही' म्हणतो ना, मग अर्धी रात्र त्याची. डायपर, शेकोटीवरचं पाणी, गाडीची जागा, डॉक्टरांना फोन, हे त्याच्याकडे दे. हे उत्तर त्याला वाचायला दे, दारूचं आणि गाडीचं तर नक्कीच.

आणि सॅक आधी माळ्यावरून काढून उन्हात टाक. तंबू उघडून त्याच्या चेन ओढून बघ, दोन वर्षं घडीत राहिलेल्या चेन अडकतात. मग या शनिवारी गच्चीवर लावा, सासूबाईंनाही वर बोलवा. त्यांना आत बसून बघू दे, लेक कुठे झोपणार आहे ते.

तुझी ताई